तुम्ही विचारलंत म्हणून: माझे सर्वांत आवडते चित्रपट आणि ते कसे बघावेत

‘तुमचे सर्वांत आवडते चित्रपट कोणते?’ हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा त्याच रात्री काय लावायचं ते हवं असतं, म्हणून नावं आधी देतो. ‘सेव्हन समुराई’ (1954), ‘पथेर पांचाली’ (1955), ‘टोकियो स्टोरी’ (1953), ‘रिअर विंडो’ (1954), ‘संत तुकाराम’ (1936), ‘कोर्ट’ (2014) आणि ‘शेरलॉक ज्युनियर’ (1924). आठवा मागितलात तर ‘2001: अ स्पेस ऑडिसी’ (1968). यांत पहिला-दुसरा असा क्रम नाही.

माझा निकष एकच आहे: शेवट ठाऊक असताना चित्रपट जास्त दिसतो का? पुढे काय होणार एवढ्यावरच जो धरून ठेवतो, तो एकदा बघितला की संपतो. वरचे सगळे दुसऱ्या वेळी मोठे होतात. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, हेही तितकंच खरं. यातला एखादा बघून ‘जमला नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली प्रत बघितलीत आणि टीव्हीचं सेटिंग काय होतं? पुष्कळदा गोम तिथेच निघते.

‘सेव्हन समुराई’पासून सुरुवात करू. दरोडेखोरांपासून वाचण्यासाठी एक गाव सात सामुराई, म्हणजे जपानी योद्धे, ठेवून घेतं, ही त्याची गोष्ट. अकिरा कुरोसावाचा हा चित्रपट 207 मिनिटांचा आहे आणि आकडा ऐकूनच लोक मागे हटतात. सुमारे तासभर तर माणसं गोळा करण्यातच जातो. पण तो तास नसता तर शेवटच्या लढाईत कोण पडलं याचं आपल्याला काहीच वाटलं नसतं. सातांचा म्होरक्या कांबेई पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग नीट बघा. एका चोराने लहान मूल ओलीस धरून कोठारात कोंडून घेतलंय. कांबेई डोकं भादरून घेतो, भिक्षूची वस्त्रं चढवतो, भाताचे दोन गोळे मागून घेतो आणि दाराशी जाऊन आत टाकतो. मग स्वतः झेपावतो. आतली झटापट आपल्याला दिसतच नाही. चोर बाहेर येतो, चार पावलं टाकतो आणि संथ गतीत कोसळतो. बघणारी गर्दी मात्र नेहमीच्या वेगात आहे. या एका प्रसंगात माणूस कळतो: सामुराईसाठी केसांची शेंडी म्हणजे इभ्रत, ती तो एका अनोळखी पोरासाठी उतरवतो.

लढाईचं गणित तर मला दर वेळी थक्क करतं. दरोडेखोर चाळीस. कांबेई कागदावर तितकी वर्तुळं काढतो आणि एकेक पडला की खोडतो. गावाचा नकाशा आपल्याला आधीच फिरवून दाखवलेला असतो: कुठे कुंपण घातलं, कुठे शेतात पाणी सोडलं, कुठला पूल मोडला, कुठली वाट मुद्दाम मोकळी ठेवली. त्यामुळे शेवटी धो धो पावसात, चिखलात नुसता गोंधळ माजला तरी आपण हरवत नाही. तेरा उरलेत हे आपल्याला माहीत असतं. कुरोसावाने हा भाग एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपला. अशी लेन्स मागचं आणि पुढचं अंतर दाबून टाकते, म्हणून घोड्याचे पाय, भाला आणि चिखलात पडलेला माणूस एकमेकांवर आदळल्यासारखे दिसतात. आणखी एक गोष्ट दुसऱ्यांदा बघताना टोचते. सातांपैकी जे चार मरतात ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. तलवारीने त्यांना कुणी हरवत नाही.

प्रत निवडताना मिनिटं बघा. परदेशात हा चित्रपट बराच कापून दाखवला गेला होता आणि तशा प्रती अजून फिरतात. 207च्या आसपास हवं. 199 दिसलं तर मात्र घाबरू नका. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो, पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो 25ने चालवतात, म्हणजे लांबी चार टक्क्यांनी घटते. प्रसंग एकही गेलेला नसतो, फक्त आवाज किंचित चढा लागतो. मध्यंतर चित्रपटातच आहे, तिथेच उठा. भलत्याच ठिकाणी थांबवलात तर दोन्ही भागांचा तोल जातो.

‘पथेर पांचाली’बद्दल लोक म्हणतात, फार दुःखी आहे. मला तो तसा वाटत नाही, सत्यजित राय यांनी त्यात किती खेळ पेरलाय! मिठाईवाल्यामागे दुर्गा, तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ अपू, त्यांच्यामागे कुत्रा, आणि ही सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी चाललेली. छायालेखक सुब्रत मित्र तेव्हा जेमतेम विशीत होते आणि त्याआधी त्यांनी एकही चित्रपट टिपलेला नव्हता. काशफुलांच्या शेतातला आगगाडीचा प्रसंग एका हंगामात अर्धा झाला, आणि परत गेले तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. उरलेल्या भागासाठी पुढच्या हंगामातल्या फुलांची वाट बघावी लागली. पडद्यावर सांधा कुठे आहे ते सापडत नाही.

दोन जागा कान आणि डोळे उघडे ठेवून बघा. दुर्गा वारल्यानंतर तिचे वडील हरिहर घरी परततात, त्यांना काही माहीत नाही, ते मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतात. आई सर्वजया फुटते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या रडण्याच्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा उंच सूर येतो. दुसरी जागा शेवटाजवळची. घर सोडण्याच्या आवराआवरीत अपूला माळ सापडते, जी आपण चोरली नाही असं दुर्गा सांगत आली होती. तो ती तळ्यात भिरकावतो. पाण्यावरचं शेवाळ दुभंगतं, काळं पाणी दिसतं, आणि शेवाळ हळूहळू परत मिळून येतं. बहिणीचं गुपित त्याने राखलं, हे सांगायला एक शब्दही लागलेला नाही.

याच्या जुन्या प्रतींनी फार नुकसान केलं. 1993 साली लंडनमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळली. 2015मध्ये त्यातलं वाचवता आलं ते आणि इतर प्रती मिळून नव्याने जुळणी झाली. ही नवी प्रतच बघा. जुन्या, मातकट प्रतींत पानांची हिरवळ म्हणजे नुसता काळा ढिगारा दिसतो आणि मित्र यांचं काम वायाच जातं. पुढचे ‘अपराजितो’ (1956) आणि ‘अपूर संसार’ (1959) ओळीने बघितलेत तर उत्तम. ‘अपराजितो’त मित्र यांनी स्टुडिओतल्या घराच्या चौकात वर कापड ताणून त्यावरून उजेड परतवला, म्हणून तिथल्या माणसांना दिव्याची कडक सावली नाही. कुठली दृश्यं सेटवरची हे ओळखून दाखवा.

‘टोकियो स्टोरी’ची गोष्ट दोन ओळींची आहे. म्हातारे आईवडील मुलांकडे शहरात येतात, मुलांना वेळ नसतो, ते परत जातात. यासुजिरो ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो आणि जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे उएनो बागेत तो एकदाच भिंतीलगत सरकत जाऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपाशी थांबतो, तेव्हा छातीत काहीतरी होतं. अटामीच्या समुद्रकाठी आई उठताना क्षणभर झोकांडते आणि सावरते. पहिल्या खेपेला हे निसटतं. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की त्या एका सेकंदावर नजर खिळते. बोलणारी माणसं थेट आपल्याकडे बघताहेत असं वाटून काहींना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. तो ओझूच्या मांडणीचा भाग आहे, वीसेक मिनिटं धीर धरा. या चित्रपटाला झोप, मोबाइल आणि जाहिराती तिन्ही चालत नाहीत.

हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ सगळ्यांना आवडतो, तेव्हा थोडक्यात सांगतो. स्टुडिओत उभारलेला एक चौक, त्यात 31 घरं, आणि कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ पाय मोडून घरी बसलेल्या छायाचित्रकार नायकाच्या एकाच खोलीत. सुरुवातीला प्लास्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, भिंतीवर उडत्या चाकाचा शर्यतीतल्या अपघाताचा फोटो, एवढं दाखवून नायकाचा धंदा आणि अपघात दोन्ही सांगून होतात. कॅमेरा खोली सोडून चौकात उतरतो तो मुख्यतः शेजाऱ्यांचा कुत्रा मेल्यावर. का ते ताडून बघा. संगीत जवळपास सगळं समोरच्या खिडक्यांतूनच येतं, आणि कुठला आवाज किती लांबून येतोय यावर अर्धा चित्रपट उभा आहे. टीव्हीचा ‘नाइट मोड’ किंवा संवाद ठळक करणारा पर्याय चालू असेल तर लांबचे आवाज जवळ येतात आणि चौकच सपाट होतो. तो बंद करा.

‘संत तुकाराम’ला लोक भक्तिपट म्हणून बाजूला ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दामले आणि फत्तेलाल यांचा हा प्रभातचा चित्रपट 1937मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, पण त्याचं मोठेपण त्यात नाही. ते जिजाईत आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुका शांत, आणि समोर ही संसाराच्या काळजीने पेटलेली बाई, जी एका हाताने मुलाला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. चित्रपट तिला चूक ठरवत नाही. चमत्कार तुकोबाच्या वाट्याला येतात आणि चूल तिच्या, हे तो अगदी स्वच्छ डोळ्यांनी दाखवतो. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा समजून गाथेत शोधायला जाऊ नका. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. यापेक्षा मोठी पावती गीतकाराला कुठली मिळणार?

इथे घोटाळा आवाजाचा होतो. त्या काळच्या ध्वनिपट्टीत खरखर असणारच. ती पार घालवण्यासाठी काही प्रती इतक्या घासून साफ केलेल्या असतात की पागनीसांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो, कारण खरखरीबरोबर स, श, च यांची धारही निघून जाते. खरखरीची प्रत घ्या. दहा मिनिटांत कान सरावतो.

‘कोर्ट’ ही एका लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट. तो आपल्याला परक्या प्रेक्षकापेक्षा जास्त कळतो, कारण सबटायटलमध्ये न उतरणारं बरंच काही चैतन्य ताम्हाणेने भाषेत ठेवलंय: कोण कुणाशी मराठीत बोलतं, हिंदीवर कधी येतं, इंग्रजीचा आडोसा कधी घेतं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टात निर्दय वाटते. मग कॅमेरा तिच्याबरोबर लोकलमधून घरी जातो, ती स्वयंपाक करते, आणि तिला खलनायिका म्हणायची सोय राहत नाही. दृश्यं लांब आणि स्थिर आहेत, म्हणून चौकटीच्या कडांकडे लक्ष ठेवा. मागे बाकावर बसलेली माणसंही आपापलं जगत असतात. शेवटी रिकाम्या कोर्टातले दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं समजून पुष्कळजण उठतात. उठू नका, न्यायाधीशांची सहल अजून बाकी आहे, आणि तिच्याशिवाय हा चित्रपट अपुरा आहे.

बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ 45 मिनिटांचा आहे. नायक झोपेत पडद्यातल्या चित्रपटात शिरतो आणि मागचं दृश्य बदलत जातं, तो मात्र तिथेच. कॅमेऱ्यापासूनचं अंतर आणि उभं राहण्याची जागा दर वेळी मोजून हे साधलं होतं. पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येतो तो खरा आहे. त्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते त्याला कित्येक वर्षांनी कळलं. मूकपटात वेगाचा प्रश्न असतो. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग कमीजास्त होई, त्यामुळे एकच चित्रपट दोन लांब्यांचा सापडतो. ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (1928) सेकंदाला 24 चौकटींनी 81 मिनिटं चालतो, 20ने 97. माणसं झटके देत चालताना दिसली तर दोष प्रतीचा, नटांचा नव्हे.

आता टीव्ही. या सातांतले पाच चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत, रुंदी उंचीच्या 1.33 ते 1.37 पट. आजचा पडदा 1.78 पट. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. त्या घालवायला चित्र ताणलंत तर चेहरे सुमारे तीस टक्के रुंद होतात; मोठं करून भरलंत तर वर-खाली मिळून जवळपास पाव चित्र कापलं जातं आणि ओझूची माणसं बिनडोक्याची होतात. शंका आली तर चाक, ताटली, चंद्र असं काही गोल दिसेपर्यंत थांबा. ते अंडाकृती असेल तर चित्र ताणलेलं आहे. दुसरं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. दोन खऱ्या चौकटींच्या मधे टीव्ही आपल्या मनाने बनवलेल्या चौकटी घुसवतो, आणि कुरोसावाचा पाऊस मालिकेतल्या पावसासारखा दिसू लागतो. प्रत्येक कंपनीचं याचं नाव वेगळं असतं. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, बाकी काही शोधावं लागत नाही.

नवख्या माणसाला मी ‘शेरलॉक ज्युनियर’पासून सुरू करायला सांगतो, मग ‘रिअर विंडो’, मग एखाद्या मोकळ्या दुपारी ‘सेव्हन समुराई’. ‘कोर्ट’ आणि ‘संत तुकाराम’ कधीही. ‘पथेर पांचाली’ आणि ‘टोकियो स्टोरी’ एकाच आठवड्यात नकोत, दोन्हींना मनात मुरायला वेळ लागतो. आणि कुब्रिकचा ‘2001’ लावाल तेव्हा सुरुवातीला काही मिनिटं काळा पडदा आणि नुसतं संगीत येईल. टीव्ही बिघडलेला नाही. खोलीतले दिवे घालवा, आवाज एक खूण वर घ्या आणि पुढे ढकलू नका.