आधी हवा, मग पेट्रोल

पाऊस ओसरू लागला की कोकणात कलमांच्या बागांतून बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत कापणं, सुरू होते आणि वाडीवाडीतून ग्रास कटरचा किर्रर्र आवाज उठतो. खांद्याला पट्टा, पुढे फिरतं पातं, मागे टीचभर टू-स्ट्रोक इंजिन. त्याच्या निळसर धुराचा वास आला की चेतक, लूना आणि आरएक्स १०० वर वाढलेली आमची पिढी हळवी होते. खरं तर तो वास म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं ऑइल आणि पेट्रोल. आपले पैसेच.

या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला नुसती भोकं. वरखाली होणारा पिस्टनच ती झाकतो आणि उघडतो. म्हणून ते हलकं, म्हणून स्वस्त. पण जळका वायू बाहेर जायची आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत यायची वेळ जवळपास एकच. मिनिटाला नऊ हजार फेरे, म्हणजे सेकंदाला दीडशे. त्या घाईत पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त पेट्रोल आल्या पावली सायलेन्सरमधून निघून जातं.

१९९५ पासून कॅलिफोर्नियाने अशा छोट्या इंजिनांच्या धुरावरही मर्यादा घातल्या. होंडाने हातात धरायच्या यंत्रांसाठी चक्क फोर-स्ट्रोक इंजिन काढलं. हुस्कवार्नासारख्या स्वीडिश कंपनीने मात्र टू-स्ट्रोकच ठेवलं आणि त्यात एक युक्ती केली. मला ती भारी आवडते. मिश्रणाच्या पुढे थोडी कोरी हवा सोडायची. जळका वायू ढकलताना जे काही निसटेल, ती हवाच. लग्नाच्या पंगतीत आधी पोराटोरांना बसवून गर्दी काढावी, तसं. पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत वाचतं, असं कंपन्या सांगतात. ऑइल मात्र अजूनही पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली घालावंच लागतं. ते सुटलेलं नाही.

जुन्याचा एक गुण मान्य करायला हवा. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे दोन स्क्रू, एक पेचकस आणि चांगला कान, एवढ्यावर मेकॅनिक त्याला ताळ्यावर आणायचा. नव्यात त्या स्क्रूंवर टोप्या असतात, ठरावीक मर्यादेपलीकडे फिरत नाहीत. मिश्रण आधीच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी ठेवलेलं, त्यामुळे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल यायच्या बारीक भोकात, कचरा अडकला तर इंजिन लवकर तापतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या दमट पडवीत पेट्रोलचा कॅन गणपतीपासून दिवाळीपर्यंत ठेवला, की पुढचं रडगाणं ठरलेलं.

तरी मी नवंच घ्या म्हणेन. पेट्रोल वाचतं ते बागायतदाराचं, पण इंजिन दिवसभर चालतं गड्याच्या कमरेमागे, आणि धूर त्याच्या नाकात जातो. दुकानात पैसे मोजायला मात्र तो नसतो. तिथे मालक उभा असतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "पार्ट चिपळुणात मिळतो का?"