रद्दीतून परत आलेले धारप

पितृपक्षात आमच्या वाचनालयात सहसा नवा सभासद येत नाही आणि नवी खरेदी तर नाहीच नाही. म्हणून बाईंनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, निर्लेखन त्याच पंधरवड्यात काढलं होतं. निर्लेखन म्हणजे फाटकी किंवा कोणी नेत नाही अशी पुस्तकं नोंदीतून कमी करणं. दाखल नोंदवहीत त्या ओळीवर लाल रेघ मारायची, शेऱ्यात 'बाद' लिहायचं, पुस्तक रद्दीत. सप्टेंबर 2024चा शेवटचा आठवडा होता.

मला इथे येऊन आठ महिने झाले होते. त्याआधी सव्वीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. एमआयडीसी 1962 साली सुरू झाली ती या वागळे इस्टेटीपासून. आता तिथे शेडपेक्षा काचेच्या इमारती जास्त दिसतात. आमचा कारखानाही हलला आणि एका शुक्रवारी 'तुमची पोस्ट राहिली नाही' एवढंच मला सांगण्यात आलं. मग बायकोच्या ओळखीनं नौपाड्यातल्या या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत खालच्या, वाचनालयात अर्धवेळ चिकटलो. पगार सांगण्यासारखा नाही. काम मात्र ओळखीचं निघालं. रॅक, नंबर, आवक-जावक. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला बिन कार्ड असतं, त्यावर माल कधी आला, कधी गेला ते लिहिलेलं. इथे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीखपत्रक चिकटवलेलं असतं, आणि माणसं गप्पांत काहीही सांगोत, ते खोटं बोलत नाही.

'मी फक्त वैचारिक वाचतो' म्हणणाऱ्या एका जुन्या सभासदांचं खातं पाहिलं तर ओळीनं रहस्यकथा. मोठे पुरस्कार मिळालेली काही पुस्तकं पंधरा वर्षांनंतरही करकरीत, आणि ज्यांना समीक्षकांनी कधी दारात उभं केलं नाही त्यांची पानं खाऊच्या कागदासारखी मऊ झालेली. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'च्या आमच्या प्रतीवर 2009 नंतर चार वर्षं एकही शिक्का नाही. मग ऑगस्ट 2013पासून शिक्क्यांची नुसती झुंबड, इतकी की तारीखपत्रकावर दुसरं तारीखपत्रक चिकटवावं लागलं. त्या जुलैत सिनेमा आला होता ना! शिरवळकर 2003 सालीच गेले होते, त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

तर निर्लेखन. कार्यकारिणीनं नियम घातला होता: पाच वर्षांत देवघेव नाही, ते बाद. मी बाईंना म्हटलं, "यात लॉकडाउनचे महिनेही धरलेत. मशीनच बंद असेल तर तिचा पार्ट नॉन-मूव्हिंग धरत नाहीत." बाई म्हणाल्या, "तुमचं स्टोअर नाही हे." यादी दोनशे बारा पुस्तकांची झाली. गुरुवारी सकाळी लाल रेघा मारून झाल्या, गठ्ठे सुतळीनं बांधले, आणि रद्दीवाला तराजू घेऊन व्हरांड्यात बसला.

तेवढ्यात रिक्षा बाहेर लावून एक जण आत आला. तिशीचा असेल, खाकी शर्ट, खांद्यावर नॅपकीन.

"साहेब, 'तुंबाड' बघितला का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय सांगायचं," असं म्हणून त्यानं सगळंच सांगितलं. 'तुंबाड' पहिल्यांदा 2018 साली आला तेव्हा फार चालला नव्हता. त्याच सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. हा लागोपाठ दोनदा पाहून आला होता. सिनेमाचं बीज भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेत आहे, हे त्याला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं होतं. "ते धारप इथे मिळतात का?"

मिळतात, पण रॅकवरचे दोन्ही बाहेर गेलेले. आणखी एक पुस्तक सकाळीच बाद झालं होतं, शेवटचा शिक्का 2018चा. कव्हर नाही, शिवण उसवलेली, आणि दोन तारीखपत्रकांवर मिळून एकसष्ट शिक्के. ते व्हरांड्यातल्या गठ्ठ्यात वरूनच दिसत होतं. त्यानं बोट दाखवलं.

बाई म्हणाल्या, "ते पुस्तक आता नाहीये."

"नाहीये म्हणजे? हे काय."

"कागदावर नाहीये."

तो माझ्याकडे बघायला लागला. मला हसूही येईना. बाईंचं चूक नव्हतं. तपासणीला येणारा अधिकारी नोंदवही बघतो, आणि बाद झालेला नंबर कोणाच्या नावावर गेला असेल तर उत्तर बाईंना द्यावं लागतं. त्या चहा घेत बसल्या. अर्धा कप झाल्यावर रद्दीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, तेवढं एक पुस्तक तोला."

दीडशे ग्रॅम. रद्दीचा भाव लावला तर दोन रुपयेही होत नव्हते, रद्दीवाल्यानं "घेऊन जा रे" म्हणून हात झटकला. रिक्षावाल्यानं तरी दोनचं नाणं तराजूत टाकलं. पुस्तक त्याचं झालं. आता त्याला सभासद व्हायची गरजच नव्हती, आणि मी तसं म्हणालोही.

"घरी ठेवलं तर पडून राहील, साहेब. आठवीला शाळा सुटली, आता पाट्या आणि मेसेज सोडून काही वाचत नाही. परत द्यायची तारीख असली तर होईल."

मग त्यानं ते पुस्तक वाचनालयाला देणगी दिलं. बाईंनी नोंदवहीच्या चालू पानावर सगळ्यांत खाली नवा दाखल क्रमांक टाकला. प्राप्ती: देणगी. किंमत: दोन रुपये. शेरा: कव्हर नाही. फेब्रुवारीत हजेरीपटावर माझं नाव त्यांनी असंच सगळ्यांत खाली लिहून घेतलं होतं, ते उगाच आठवलं. रिक्षावाल्यानं अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली. "पितृपक्षात सुरुवात करताय," असं बाई म्हणाल्या तर म्हणाला, "भुताच्या पुस्तकाला हाच मुहूर्त. शिवाय या दिवसांत धंदा मंदा असतो."

मी जुनी तारीखपत्रकं सोलून काढली, नवं चिकटवलं, शिवणीला कापडी पट्टी मारली आणि पहिला शिक्का मारला. त्या सिनेमातली गोष्ट या पुस्तकात नाही हे मात्र सांगून टाकलं. "चालेल," म्हणाला.

आठवड्यानं, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, तो आला. मुदत पंधरा दिवसांची असताना लवकर का, म्हणून विचारलं. सीएनजीच्या रांगेत तास-तास उभं राहावं लागतं, तिथेच वाचून झालं म्हणाला. पहिली दहा पानं तीन दिवस पुरली, मग पुढची कशी गेली कळलं नाही. पानांना किंचित पेट्रोल पंपाचा वास येत होता.

"यातले ते भुतांशी लढणारे समर्थ, ते दुसऱ्या पुस्तकात पण आहेत का?"

"बऱ्याच आहेत," मी म्हटलं आणि रॅककडे वळलो. समर्थांची रॅकवर दोनच सापडली. बाद यादीची कार्बन कॉपी टेबलाच्या खणात होती, ती काढून बघितली. त्यात आणखी तीन होती. बाईंनीही चष्मा लावून यादी वाचली आणि रद्दीवाल्याला फोन लावला. गठ्ठे शनिवारीच भिवंडीला गेले होते.