सुट्टीतलं माहेरपण

पंधरा दिवस आधी

फॉस्टरमधून, म्हणजे दत्तक मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातून, दत्तक गेलेलं कुत्रं उन्हाळी सुट्टीत आठ-दहा दिवस परत राहायला येतं, त्याला गमतीनं माहेरपण म्हणतात. शब्द गोड आहे, पण फसवा. कुत्र्याला आठवतं ते दोन वर्षांपूर्वीचं घर, आणि आपल्याला आठवतं ते दोन वर्षांपूर्वीचं कुत्रं. घोटाळे होतात ते बहुतेक या शिळ्या माहितीच्या भरवशावर. म्हणून सगळं नव्यानं विचारायचं: आजचं वजन, खाणं किती ग्रॅम आणि किती वेळा, चालू औषधं, एकटं किती तास राहतं, मधल्या काळात कुणाला चावलं का. ‘तुम्हाला काय, तो माहीतच आहे’ एवढ्यावर विषय मिटू द्यायचा नाही.

रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो या विषाणूंच्या आजारांच्या लसी मुदतीत हव्यात. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, नाकात घालायची लस आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. तिचा परिणाम सुरू व्हायलाच निदान तीन दिवस लागतात, तेव्हा ती आठवडाभर आधी उरकलेली बरी. गोचीड-पिसवांचं औषधही येण्याआधीच. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर ती कुणाच्या नावावर आहे ते तपासायचं. दत्तक देताना नोंद बदलायची राहून जाते, मग कुत्रं हरवल्यावर चिपवर भलताच जुना नंबर निघतो.

डॉक्टरांसाठी दोन ओळींचं पत्र मालकांच्या सहीनं घ्यायचं: फोन लागला नाही तर उपचाराला संमती आहे, आणि अमुक रकमेपर्यंत न विचारता खर्च करावा. हे पत्र मागायला संकोच वाटतो. तरी मागायचं.

पहिला दिवस

घरच्या कुत्र्याशी भेट घराबाहेरच घडवायची. दोघांना दोन माणसांनी धरून, मध्ये रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवून, एकाच दिशेनं पंधरा-वीस मिनिटं चालवायचं. अंग सैल पडलं, मान खाली घालून जमीन हुंगायला लागली, की अंतर कमी करत आणायचं. घरातली भांडी, खेळणी, चघळायची हाडं त्याआधीच उचललेली हवीत.

‘हे दोघं तर एका ताटात जेवायचे’ या आठवणीवर अजिबात विसंबू नये. आठ महिन्यांच्या पिल्लाला मोठं कुत्रं बरंच काही माफ करतं: कान ओढलेला, अंगावरून उडी मारलेली, तोंडातला घास हुंगलेला. तेच पिल्लू अडीच वर्षांचं होऊन येतं आणि जुन्याच सलगीनं वागायला जातं, तेव्हा ती सूट संपलेली असते. भांडण जुंपतं ते इथे. म्हणून जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून. भांडी उचलल्याशिवाय दार उघडायचं नाही.

खेळताना दोघांच्याही कॉलर काढायच्या. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या कॉलरमध्ये अडकला की दोघंही घाबरून पीळ देतात आणि श्वास कोंडतो. पण कॉलर निघाली की फोन नंबरचा बिल्लाही जातो, त्यामुळे खेळ बंद दाराआडच.

पहिले तीन दिवस: दार

पळून जाण्याचा धोका सर्वांत जास्त या काळात. परकं कुत्रं पळालं तर निदान बिचकून जवळपास लपतं. याला मात्र दार कुठलं, कडी कशी ढकलायची, कुंपणाची फट कुठे, हे पाठ असतं, आणि त्याला मालकांना शोधायचं असतं.

कॉलरमधून निसटणं पाहण्यासारखं असतं. कुत्रं पुढचे पाय रोवतं, डोकं खाली घालतं आणि सरळ मागे सरकतं. मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीची असली की कॉलर कानांवरून सुळकन निघते. अशा वेळी ओढून धरणं म्हणजे त्याला मदतच. दोन पावलं त्याच्याच दिशेनं जाऊन ताण सैल करायचा. त्याहून बरं म्हणजे दोन लीश (दोऱ्या), एक कॉलरला आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. कॉलरखाली दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. बिल्ल्यावर नंबर आपला, प्रवासातल्या मालकांचा नव्हे.

खाणं-पाणी

खाणं मालकांच्या घरचंच. एकेका दिवसाची पाकिटं करून घ्यायची, वर दोन जादा. अन्न एकदम बदललं की एक-दोन दिवसांत शी पातळ होते, आणि मग ते ताणामुळे की खाण्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. पहिल्या दिवशी निम्मंच वाढायचं. धडधाकट मोठं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर घाबरायचं नाही. पिल्लू, किंवा इन्सुलिनवर असलेलं कुत्रं जेवलं नाही, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. फिट्सची गोळी बारा तासांनी म्हणजे बारा तासांनीच. ती चुकली की फिट येऊ शकते.

पाणी किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण लिटर ते ९०० मिली. उन्हात त्याहून जास्त. एकाच भांड्यात दोघं प्यायली की हिशेब लागत नाही.

ऊन

तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही तर फिरणं रद्द. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, पाय लटपटतात, असं दिसलं की थर्मामीटर शोधत बसायचं नाही: अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, मग डॉक्टरांकडे. ओला टॉवेल पांघरून ठेवला की खालची उष्णता कोंडते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे सगळं फार लवकर होतं.

दुसरी-तिसरी रात्र

घरात शू होते. शिकवलेलं विसरलं असं नव्हे, ताण असतो. मुताचा वास मोडून काढणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरायचं. अमोनियावाल्या क्लीनरचा वास मुतासारखाच, त्यामुळे तीच जागा पक्की होते. अंथरूण मालकांच्या घरचं, न धुतलेलं हवं.

व्हिडिओ कॉल टाळावा, हे माझं ठाम मत. आवाज येतो पण वास येत नाही, आणि कुत्रं पुढचा तासभर दाराशी उभं राहतं. झोपलेल्या कुत्र्याचा फोटो पाठवावा, मालकांचं समाधान होतं.

जाण्याचा दिवस

गाडीच्या प्रवासाआधी तीन-चार तास जेवण नाही. घरी गेल्यावर एक-दोन दिवस नुसतं झोपून राहील, हे आधीच सांगून ठेवायचं. खोकला मात्र दोन आठवडे लक्षात ठेवायला सांगायचं. केनेल कफ इथे लागला असला तरी तिकडे पोचल्यावर उठू शकतो. आणि गाडीत बसवताना आपल्या नंबरचा बिल्ला आठवणीनं काढून घ्यायचा.