मुनस्यारीहून पंचाचुली: संध्याकाळच्या उजेडात बर्फाची शिखरं

उत्तराखंडच्या कुमाऊंत बर्फाच्या शिखरांचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेकजण कौसानी गाठतात आणि पहाटेचा गजर लावतात. मुनस्यारीला पहाटे खुशाल झोपा. पंचाचुलीची रांग गावाच्या ईशान्येला, सरळ रेषेत साधारण 25 किलोमीटरवर आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून वर येतो आणि काळ्या आकृत्यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. दुपारनंतर मात्र अख्खी भिंत उजळते आणि दिवसाचा शेवटचा तांबूस उजेड थेट पाचही शिखरांवर पडतो.

आम्ही नोव्हेंबरच्या मध्यात गेलो होतो. जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. जवळच्या हल्द्वानीहून मुनस्यारीच्या शेअर जीप सकाळी लवकरच निघतात, त्या चुकल्या की वाटेत मुक्काम ठरलेला. थल, बिर्थीचा धबधबा, मग साधारण 2700 मीटरवरची कालामुनीची खिंड, असा अख्खा दिवस रस्त्यात जातो. त्या संध्याकाळचा हिशोब धरूच नका. पुढच्या किमान तीन संध्याकाळी हातात हव्यात, कारण दुपारी दरीतून चढणारे ढग शिखरांना चिकटतात आणि कधीकधी अंधार पडेपर्यंत हलत नाहीत.

मुंबई-पुण्याच्या सवयीने सहाला बाहेर पडलात तर सगळं आटोपलेलं असेल. नोव्हेंबरमध्ये इथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. गावातलं ऊन तर त्याआधीच खलिया डोंगराच्या धारेमागे जातं, गारठा वाढतो आणि मंडळी चहाकडे वळतात. पण रांगेतल्या सर्वांत उंच पंचाचुली-2 ची उंची 6904 मीटर आहे. पंचांगातल्या सूर्यास्तानंतरही दहाएक मिनिटं तिच्या माथ्यावर उजेड असतो, आणि खरा रंग त्याच दहा मिनिटांत चढतो. पावणेचारपर्यंत ट्रायपॉड लावून मोकळं व्हावं.

सगळ्यात सोयीची जागा म्हणजे डानाधारचं नंदादेवी मंदिर. समोर उघडं मैदान, खाली गोरीगंगेची दरी, मध्ये तारा नाहीत. खलिया टॉपहून देखावा मोठा दिसतो, पण उजेड संपल्यावर अंधारात उतरायचं म्हणजे हेडलॅम्प आणि वाट माहीत असलेला माणूस हवाच.

वाइड लेन्सचा मोह टाळा. 24 मिमीवर शिखरं तांदळाच्या कण्यांएवढी दिसतात. पाचही शिखरं नीट बसवायला फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर) 100 मिमीच्या आसपास लागतं, आणि एकेका कड्यासाठी 200. त्यामुळे 70-200 असेल तर दुसरी लेन्स पिशवीतच राहते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, तोही काढून ठेवा. सूर्य जवळजवळ पाठीशी असल्यामुळे त्याचा परिणाम नगण्य, उलट उजेड मात्र एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी होतो.

पाठीमागून येणाऱ्या उजेडाने बर्फ सपाट दिसतो, ही या जागेची खरी अडचण. नोव्हेंबरात तो किंचित डावीकडून येतो, तेवढ्यावर भागवावं लागतं. मार्चअखेर सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, कड्यांच्या सावल्या लांबतात आणि घड्या उठून दिसतात, पण तेव्हा हवा धुरकट असण्याची शक्यता जास्त.

एक्स्पोजरमध्ये दोन उलट चुका होतात. दुपारी फ्रेमभर बर्फ असला की कॅमेरा तो करडा करतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +0.7 ते +1 द्यावं. संध्याकाळी खालची दरी काळोखी असते, कॅमेरा तिच्याकडे बघून एक्स्पोजर वाढवतो आणि शिखरं जळतात. त्यातही आधी लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंगाचा तपशील जातो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसत असतो आणि घरी आल्यावर केशरी बर्फाच्या जागी एकसारखा रंग फासल्यासारखा निघतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावावा आणि लाल रेघ उजव्या कडेला टेकण्याआधी थांबावं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा केशरी छटा धुऊन टाकतो. 5200-5500 केल्विनवर पक्का करावा, फाइल अर्थातच रॉ.

आयएसओ 100, एफ/8 धरा. उजेड उतरेल तसा शटर भराभर लांबत जातो, म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा खाली ठेवा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

शिखरं राखाडी पडली की लोक आवराआवर करतात. थांबा. थोड्याच वेळात रांगेमागच्या आकाशात निळसर पट्टा वर चढतो, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. बर्फ तेव्हा निळा असतो. चंद्रही हवा असेल तर पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी बरी. पौर्णिमेला चंद्र डोंगरामागून वर येईतो अंधार झालेला असतो, आदल्या दिवशी तो बराच आधी निघतो.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर मान टाकतात. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं. डिसेंबरनंतर येणार असाल तर परतीच्या रेल्वे तिकिटाआधी एक दिवस मोकळा सोडा. कालामुनीवर बर्फ पडला की रस्ता बंद.