अल्बर्टा फॉल्सची खार आणि आईचे शेंगदाणे

डेन्व्हरहून पहाटे सव्वातीनला निघालो, कारण रॉकी माउंटन नॅशनल पार्कात बेअर लेकच्या बाजूला जायला सीझनमध्ये टाइम्ड एंट्री परमिट, म्हणजे ठरावीक वेळेत आत जायची आगाऊ परवानगी, लागतं आणि आम्हाला ते मिळालं नव्हतं, मग पाचच्या आत गेट पार करायचं एवढाच उपाय. आई नाशिकहून आलेली, सप्टेंबरच्या थंडीत दोन स्वेटर घालून कुरकुरत.

ग्लेशियर गॉर्जच्या पार्किंगपासून अल्बर्टा फॉल्स जेमतेम सव्वा किलोमीटर, पण नऊ हजार फुटांच्या वर दम लागतोच. धबधबा तीसेक फुटी, ठीकठाक. खरी मजा ग्लेशियर क्रीकच्या काठच्या दगडांवर. ऊन पडेपर्यंत तिथे चिटपाखरू नव्हतं, आणि ऊन आलं तशा एकेका फटीतून खारी वर यायला लागल्या.

शेजारचे सगळे चिपमंक चिपमंक ओरडत होते, म्हणजे तिकडची छोटी पट्टेवाली खार. मीही दोन वर्षं तेच म्हणायचो! चिपमंकचे पट्टे तोंडावरही असतात, हिचं तोंड साफ, सोनेरी, डोळ्याभोवती पांढरी रिंग, पट्टे फक्त अंगावर, दोन्ही बाजूंना काळा-पांढरा-काळा. नाव गोल्डन मँटल्ड ग्राउंड स्क्विरल. आई म्हणाली, "अरे, रामाची बोटं इथपर्यंत पोचली की!"

एक तर आमच्यापासून चार फुटांवर बसली, मागच्या पायांवर, गवताचं कणीस दोन्ही हातांनी वाकवून दाणे सोलत. खात मात्र नव्हती, नुसती गालात भरत होती, गाल इतके फुगले की गालगुंड झाल्यासारखी दिसायला लागली, मग बारीक चिर्रर्र करून दगडाखाली गडप आणि पाच मिनिटांत रिकाम्या गालांनी परत. हा साठा बिळात जातो. थंडीभर ती झोपते अंगातल्या चरबीवर, आणि वसंतात उठल्यावर बाहेर काही उगवलेलं नसतं तेव्हा हा साठा कामी येतो म्हणे. मध्येच एकदा पायवाटेच्या धुळीत लोळून पण घेतलं, आपल्या चिमण्या लोळतात तशी.

आईने चिवड्यातले शेंगदाणे काढले. मी लगेच लेक्चर दिलं, इथे प्राण्यांना खायला घालणं बेकायदा आहे, दंड होतो, त्यांची सवय बिघडते वगैरे. तिने निमूट पुडी सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवली आणि आम्ही फोटो काढायला पाण्याजवळ गेलो.

गाडीत बसताना बघितलं तर त्या खिशाला रुपयाएवढं भोक, पुडी फाडलेली, शेव जशीच्या तशी, शेंगदाणा एकही नाही.

"मी दिले नाहीत हां," आई म्हणाली.