ऑनलाइन लॅब चांगली, पण ओटीपीने रडवलं

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजने डेटाबेसची प्रॅक्टिकल्स ऑनलाइन लॅबवर नेली. लॅब मला मनापासून आवडली. शिरपूर तालुक्यातल्या गावाहून एसटीने ये-जा करणाऱ्याला रात्री घरी बसून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, चालवता येते, हे काही थोडंथोडकं नाही.

संताप आहे तो लॉगिनचा. दर वेळी ओटीपी, तोही प्रवेश अर्जातल्या नंबरवर, आणि तो नंबर आप्पांचा. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच मिळते. आप्पा केळीला पाणी भरायला मळ्यात, फोन त्यांच्या खिशात. "आप्पा, मेसेज उना का?" "नही उना." येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. नंबर बदलायला ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले, विभागप्रमुखांची सही आणा. आणली. मग म्हणाले, हे पोर्टलवाल्यांचं काम. पोर्टलच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, कॉलेजच्या लॉगिनमधून बदला. ते लॉगिन ज्यांच्याकडे, ते प्रवेशाच्या कामात. सबमिशन तोंडावर आलेलं आणि माझ्या अर्धवट जर्नलची मात्र कुणालाच घाई नाही! अर्ज दिला की आवक क्रमांक लिहून घ्या. नाहीतर "कुठला अर्ज?" इथून पुन्हा सुरुवात होते.

शेवटी आमच्या मॅडम स्वतः ऑफिसात आल्या आणि स्क्रीनवर नवा नंबर दिसेपर्यंत हलल्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांचं ऑनलाइन लॅबबद्दलचं मत मात्र वेगळं आहे. "स्क्रीनशॉट सगळ्यांचे सारखेच येतात. पोरगं कुठे अडलं ते मला त्याच्या मागे उभं राहिल्यावरच कळतं." ते मलाही पटलं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एरर 1452 वर मी घरी रात्रभर डोकं आपटत होतो. मॅडमनी वर्गात बघताक्षणी विचारलं, "ऑर्डरमध्ये जो ग्राहक टाकतोयस, तो ग्राहकांच्या टेबलात आहे का?" नव्हता. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारा रकाना, काय काम करते ते तेव्हा डोक्यात बसलं.

हो, एक राहिलंच. लॉगिन अडलं तरी सराव थांबवू नका. मायएसक्यूएल मोफत आहे, मित्राच्या लॅपटॉपवर टाकून घ्या. डेटा स्ट्रक्चरसाठी शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, त्यातले प्रयोग ब्राउझरमध्येच मोफत चालतात. आणि यंदा प्रवेश घेणाऱ्यांनो, अर्जात जो फोन तुमच्या हातात असतो त्याचाच नंबर टाका.