ताम्हिणीतून उतरताना, आंबेनळीतून चढताना: भर पावसात मोटारसायकलवर कोरडे राहण्याचे दोन दिवस

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेहुणा आणि मी दोन मोटारसायकलींवर पुण्याहून निघालो. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटातून माणगाव आणि महाड, तेथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, वाईमार्गे परत पुणे, असा साधारण ३०० किलोमीटरांचा हा फेरा आहे. या वाटेवरच्या धबधब्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून येथे मी केवळ अंग कोरडे ठेवण्याविषयी लिहीत आहे. गेल्या पावसाळ्यात याच आंबेनळी घाटात हातमोज्यांत पाणी भरून माझी बोटे इतकी बधिर झाली होती की क्लच किती दाबला गेला हेच कळेनासे झाले. भिजण्याकडे मी तेव्हापासून निव्वळ गैरसोय म्हणून पाहत नाही.

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम ५०-६० किलोमीटरांवरच्या ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्यांवर चढताना रिकामे होतात आणि पुणे त्यांच्या पाठीमागे पर्जन्यछायेत राहते. त्यामुळे सकाळी साडेसहाला चांदणी चौक सोडताना रस्ता कोरडा असतो, रेनकोट डिकीत किंवा सॅकमध्येच राहतो, पौड मागे पडले की भुरभुर सुरू होते, आणि मुळशीचा जलाशय दिसू लागेपर्यंत शर्ट भिजलेला असतो. ओल्या शर्टावर चढवलेला रेनकोट काही कामाचा नाही, कारण तो आतली ओल आतच कोंडून ठेवतो. आम्ही पौडलाच चहा घेतला आणि पाऊस नसतानाही छपराखाली उभे राहून सगळा साज चढवला. घाटात शिरल्यावर कपडे बदलण्यासाठी थांबणे टाळावेच, कारण आडोसा म्हणून जी जागा मिळते ती बहुधा दरडीच्या खाली किंवा झाडाखाली असते, आणि जुलैत त्या दोन्ही जागा उभे राहण्याच्या नव्हेत.

अनेक वर्षे भिजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बऱ्यापैकी रेनकोटाच्या कापडातून पाणी सहसा शिरत नाही. ते गळा, मनगट, बैठक आणि घोटा या जोडांतून शिरते, आणि यांपैकी कोणता जोड आधी हार मानणार हे वारा कोणत्या बाजूने आहे यावर ठरते. ताम्हिणी उतरताना आपले तोंड पश्चिमेकडे असते आणि पावसाळी वाराही तिकडूनच येतो, म्हणून पाऊस सरळ छातीवर आदळतो. चेनवरची पट्टी नीट दाबलेली नसेल तर पहिली ओल तेथे जाणवते. त्याहून वाईट म्हणजे छातीवरून ओघळलेले पाणी टाकी आणि मांड्या यांच्या बेचक्यात साचते. त्या डबक्यावर आपण बसलेले असतो, शरीराच्या दाबाने ते पाणी शिवणीच्या टाक्यांतून आत ढकलले जाते, आणि उभ्याने पावसात तासभर कोरडी राहिलेली विजार गाडीवर वीस मिनिटांत गळू लागते. माझ्या नव्या पँटवर पूर्ण जलरोधक असे छापलेले होते, तरीही विळे ओलांडून निजामपूर येईपर्यंत आतली विजार बैठकीवर भिजली होती. विकत घेताना म्हणूनच पँट उलटी करून बैठकीच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. गाडीवर असताना दर काही मिनिटांनी, रस्ता सरळ आणि मोकळा असेल तेव्हा, पायपट्टीवर किंचित उठून ते डबके वाहून जाऊ द्यावे.

हातमोज्यांच्या बाबतीत उलटसुलट सल्ले ऐकू येतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर हात खांद्याकडून हँडलकडे उतरते असतात आणि पाणी बाहीवरून मनगटाकडेच वाहते, म्हणून मोज्याची मनगटावरची कड बाहीच्या आत घालावी आणि बाही वरून आवळावी. हँडल उंच असून कोपर मनगटाच्या खाली राहत असेल, तर मात्र हेच उलट करावे. पायांचा नियम सोपा आहे: पँट नेहमी बुटाच्या बाहेर. मी साधे पीव्हीसीचे गमबूट घालतो. त्यांत गिअरचा अंदाज यायला दहा-पंधरा किलोमीटर जातात, पण ते आत पाणी येऊ देत नाहीत. बुटांवर चढवायची प्लास्टिकची आवरणे मेहुण्याने आणली होती. ती माणगावपर्यंत टाचेशी फाटली, आणि ओल्या पायपट्टीवर त्यांचा तळ घसरत होता, म्हणून मी ती कोणालाही सुचवणार नाही.

निजामपूरच्या अलीकडे भातलावणी चालू होती. बहुतेक बायांनी डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी घेतल्या होत्या, पण एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले होते. ती ओणवी होऊन रोपे खोचत होती आणि पाणी इरल्याच्या कडेवरून तिच्या मागे, चिखलात पडत होते. दोन्ही हात मोकळे, खालून वारा खेळता. आमच्या बंद रेनकोटात नेमका तोच वारा नसतो. घाटात हळू चालवताना घाम येतो, तो आतल्या अस्तरावर थंड होऊन पुन्हा अंगावर उतरतो, आणि कोट गळत नसतानाही माणूस आतून ओला होतो. म्हणून आतमध्ये सुती गंजी घालू नये. सुती कापड घाम धरून ठेवते, तर खेळाडू वापरतात तसला पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट अंगावरच वाळतो. ओल्या कापडातून शरीराची उष्णता कोरड्या हवेपेक्षा किती झपाट्याने निघून जाते, हे महाबळेश्वरच्या १८-२० अंशांत, वाऱ्यावर, चांगलेच समजते.

सामानासाठी बॅगेवर चढवायच्या आवरणापेक्षा बॅगेच्या आत घातलेली जाड प्लास्टिकची पिशवी अधिक भरवशाची असते. वरचे आवरण वाऱ्याने फुगते आणि त्याच्या तळाशी पाणी साचून बॅग त्यात बसून राहते. आतली पिशवी पिळून, तोंड दुमडून रबराने बांधली की बॅग ओली झाली तरी चालते. एक जोड कपडे आणि एक जोड मोजे स्वतंत्र पिशवीत ठेवावेत आणि मुक्कामाच्या खोलीत शिरेपर्यंत ती पिशवी उघडू नये. मोबाइल हँडलवर लावू नये. थेंबांमुळे पडदा बोटाला दाद देत नाही, आणि ओल्या खाचेत चार्जर घालणे धोक्याचे आहे. वाटेतली गावे मी कागदावर लिहून, कागद प्लास्टिकमध्ये घालून टाकीवर चिकटवली होती. हेल्मेटच्या काचेवर आतून भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसला की अर्धा दिवस वाफ धरत नाही. टूथपेस्टने मात्र काचेवर ओरखडे येतात.

महाडच्या लॉजमध्ये खोली घेताना आम्ही आधी पंखा पाहिला. गमबुटांत चुरगाळलेली वर्तमानपत्रे कोंबली, दर तासाने बदलली, आणि झोपण्यापूर्वी तिसऱ्यांदा काढलेला कागद जवळजवळ कोरडा निघाला. हातमोजे उलटे करून पंख्याखाली टांगले, पण बोटांच्या टोकांना सकाळी ओल होतीच. यासाठी दुसरा जोड जवळ असणे हाच उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहिला. रेड अलर्ट असता तर आंबेनळीचा विचार सोडला असता. २०२१ च्या जुलैत या घाटाचा रस्ता दरडींनी कित्येक दिवस बंद पडला होता, आणि महाड-पोलादपूर वाटेवरचा सावित्री नदीवरचा जुना पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुरात वाहून गेला होता. या भागात पावसाचा शब्द मानावा लागतो.

पोलादपूरहून वळलो तसा वारा पाठीशी आला. २५-३० च्या वेगाने वळणे घेत चढताना मागून येणारी झड आमच्याहून वेगवान होती, त्यामुळे आदल्या दिवशी कोरडी राहिलेली मान पहिल्या दहा किलोमीटरांतच भिजली. हेल्मेटवरचे पाणी मागच्या कडेने थेट कॉलरमध्ये पडते आणि मणक्यावरून खाली उतरते. कोटाची टोपी हेल्मेटच्या खाली, डोक्यावर घेतली तर हे थांबते, परंतु टोपी पातळ हवी, नाहीतर हेल्मेट सैल किंवा घट्ट बसते आणि त्याचा उपयोग राहत नाही. मेहुण्याच्या कोटाला टोपी नव्हती. त्याने प्रतापगडच्या फाट्याजवळ चहाच्या टपरीत थांबून गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळला आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी कापून बांधली. मफलर ओला झाला तरी मान गार पडली नाही.

महाबळेश्वरला धुक्यात थोडा वेळ थांबलो. तेथून पाचगणी जेमतेम १९ किलोमीटर आहे, पण तेवढ्यातच पाऊस निम्म्याहून कमी होतो, आणि पसरणी घाट उतरून वाईला येईपर्यंत रस्ता वाळलेला असतो. येथे कोट काढून मोकळ्या वाऱ्यावर चालवले की आतला टी-शर्ट शिरवळच्या आत सुकतो. कोट मात्र ओला घडी करून डिकीत कोंबू नये, मागच्या सीटवर पसरून दोरीने घट्ट बांधावा. दोरीचे किंवा कोटाचे टोक चाकात जाणार नाही, एवढे पाहावे.

घरी आल्यावर पँट उलटी करून, बैठकीच्या भागाची झोळी करून त्यात दोन तांबे पाणी ओतले आणि खाली वर्तमानपत्र धरले. पाच मिनिटांत कागदावर तीन ठिपके उमटले, तिन्ही चार शिवणी एकत्र येतात तेथेच. पाणी ओतून टाकले, शिवण पुसून दिवसभर वाळवली, शिवणींवर लावायचा सीलर त्या जागी बोटाने दाबून भरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतले. या वेळी एकच ठिपका उमटला.